मास्तरांच्या घरचा अल्सर

तिला सगळे मास्तर म्हणतात. दुकानावरची पाटी तिच्या वडिलांच्या काळातली. पुढचीमागची अक्षरं उन्हाने खाल्ली आणि मधला 'मास्तर' तेवढा शिल्लक राहिला. वडील गेल्यावर मशीनवर ती बसली, आणि पाटीबरोबर नावही तिच्याकडे आलं. "मास्तर आली का?" असं गिऱ्हाईक शेजारच्या चावीवाल्याला विचारतं, तेव्हा त्या वाक्यातली व्याकरणाची ओढाताण कुणाला जाणवतही नाही.

दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली आहे. छत तिरकं, त्यामुळे उंच माणसाला माप द्यायला दारातच उभं राहावं लागतं. नवीन कपडे शिवायला टाकणारे आता फार थोडे उरलेत. येतात ते तयार कपडे. कुणाची बाही लांब, कुणाची चेन तुटलेली, आणि सगळ्यात जास्त कंबर. ती आत घ्यायची, नाहीतर सोडायची.

कंबरेबद्दल माणसं बिनदिक्कत खोटं बोलतात. "धुतल्यावर आटली हो पँट," असं कुणी म्हणालं की मास्तर तोंडातली टाचणी न काढता म्हणते, "हो, लग्न झाल्यावर कापड आटतंच." आत घ्यायची असेल तर ती एवढंच विचारते, "कच्ची की पक्की?" कच्ची टीप म्हणजे सैल, नखाने ओढली तरी उसवेल अशी. आजारातून उठलेल्यांसाठी, परीक्षेला बसलेल्या पोरींसाठी, ज्यांचं अंग पुन्हा भरणार आहे अशा सगळ्यांसाठी. पक्की म्हणजे आतलं जादा कापड कापून टाकायचं. मग परतीची वाट नाही. हा प्रश्न तिला वडिलांनी शिकवला होता.

मापाची वहीही वडिलांचीच. एक भरली की दुसरी, अशा आता सात झाल्या. घरच्या माणसांची मापं मात्र पहिल्या वहीच्या शेवटच्या पानांवरच लिहायची, हा वडिलांचा नेम तिने मोडला नाही.

घरात माणसं तीन. आई, मास्तर आणि तिच्याहून चार वर्षांनी लहान भाऊ. त्याचं वय सत्तेचाळीस, तरी त्याला धाकटाच म्हणतात. दोघांचीही लग्नं राहून गेली. कारणं वेगवेगळी होती आणि दोघंही ती सांगत नसत. धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. डबा बहुतेक वेळा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, उभ्याउभ्या, एका हातात पाना धरून संपवतो. डब्यानंतर सिगारेट, आणि सिगारेटनंतर कधीकधी अजून एक.

मागच्या थंडीत त्याने कामाची पँट तिच्या टेबलावर टाकली.

"दोन बोटं आत घे."

"कच्ची की पक्की?"

"कच्चीच. महिन्याभरात भरतो बघ परत."

"उपाशी राहतोयस की प्रेमात पडलायस?"

"चौदा मजले, मास्तर. लिफ्ट बंद पडते तेव्हाच मला बोलावतात. म्हणजे जन्मभर जिनेच चढायचे."

ती हसली आणि कच्ची टीप मारून दिली. दहा आठवड्यांनी तीच पँट पुन्हा टेबलावर आली. या वेळी तिने त्याला दारात उभं केलं आणि टेप लावली. चौतीसची साडेबत्तीस झाली होती, आता तीस.

"सकाळी ताटात अर्धं टाकलंस."

"दोन घास खाल्ले की मध्येच लिफ्ट अडकते. खालीही जात नाही, वरही येत नाही."

"कधीपासून?"

"होतं अधूनमधून. आपल्या घरचाच अल्सर, दुसरं काय."

आपल्या घरचा अल्सर. हे तीन शब्द त्या घरात एखाद्या जुन्या कपाटासारखे होते. कुणी हलवत नव्हतं, कुणी उघडत नव्हतं. आजोबा पोटाने गेले. काका अल्सरने गेले. त्यानंतर सहा वर्षांनी बाबा, तेही अल्सरने. तेव्हा मास्तर चोवीस वर्षांची होती आणि धाकटा वीस. काही घरांत नाक लांब असतं, काही घरांत टक्कल लवकर पडतं, तसा आमच्याकडे अल्सर आहे, असं दोघं इतरांना सांगत आणि पित्ताची गोळी घेऊन कामाला जात.

त्या दिवशी मास्तरने पँट घडी करून त्याच्या हातात परत दिली.

"मी नाही घेत आत."

"म्हणजे?"

"कच्चीही नाही आणि पक्कीही नाही. आधी पोट दाखवून ये."

"मी दुसऱ्याकडे टाकेन."

"टाक की. टोकाच्या दुकानात टाक. तो कंबर एवढी घेतो की मागचे दोन खिसे एकमेकांशी गप्पा मारतात."

धाकटा तीन आठवडे फुगून बसला. पट्ट्याला त्याने खिळ्याने आधी एक भोक पाडलं, मग दुसरं. पट्ट्याचं उरलेलं टोक शेपटीसारखं लोंबायला लागलं. आई म्हणायची, "काय गं तुझं, घाल की दोन टाके. लोक हसतात त्याला." मास्तर म्हणायची, "हसू देत." रात्री मात्र ती त्याच्या ताटात किती उरलं ते बघून मगच ताट उचलायची.

शेवटी तो गेला. एकटाच गेला आणि जिंकल्यासारखा परत आला. गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवली आणि त्यावर पँट.

"आम्लपित्त. महिनाभर गोळ्या. घे आता."

"डॉक्टरांनी विचारलं काय काय?"

"दुखतं कुठे, संडासला काळं होतं का, सिगारेट किती. घरात कुणाला कॅन्सर होता का म्हणाल्या. म्हटलं, छे, आमच्याकडे अल्सर आहे."

"वजनाचं सांगितलंस?"

तो बाहेर चावीवाल्याकडे बघायला लागला. "त्यांनी विचारलं. म्हटलं, जिने चढतो, तेवढंच उतरलंय. खोटं आहे का?"

शब्द दिला होता, त्यामुळे मास्तरने पँट ठेवून घेतली. तो गेल्यावर माप उतरवायला तिने पहिली वही काढली, शेवटची पानं उघडली. डाव्या पानावर बाबांची मापं, उजव्या पानावर धाकट्याची. डावं पान तिने आजवर शंभरदा पाहिलं असेल. जुने आकडे, वळणदार अक्षर, वर नुसतं 'स्वतः' असं लिहिलेलं. आकडे वाचायचे असतात, हे तिला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

चौतीस. तेहतीस, कच्ची. साडेएकतीस, कच्ची. तीस, कच्ची. एकोणतीस, पक्की.

प्रत्येकापुढे तारीख होती. सगळं मिळून आठ महिने. त्याखाली काही नव्हतं.

शेजारच्या पानावर धाकट्याची चौतीस, साडेबत्तीस. पेन्सिल तिच्या हातात होती, पण तीस लिहिण्याआधी तिने वही मिटली, मशीनवर कापड टाकलं आणि भर दुपारी दुकान बंद केलं. चावीवाला म्हणाला, "मास्तर, तब्येत बरी आहे ना?" ती म्हणाली, "माझी आहे."

आई खिडकीशी बटणं निवडत होती. दुकानातली सुटी बटणं घरी येतात आणि आई ती डब्यांत भरते. दोन भोकांची एका डब्यात, चार भोकांची दुसऱ्यात.

"आई, बाबांना काय झालं होतं?"

"काय झालं होतं म्हणजे? अल्सर."

"आई."

आईने एक बटण उजेडात धरून भोकं मोजली. मग चुकीच्याच डब्यात टाकलं.

"तुझ्या काकाला डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं," ती म्हणाली. "घरी आला, भिंतीकडे तोंड करून झोपला, तो पुन्हा कुणाशी धड बोललाच नाही. जेवण समोर ठेवलं तर म्हणायचा, आता कशाला. म्हणून यांच्या वेळी मी डॉक्टरांचे पाय धरले. म्हटलं, त्यांना अल्सर म्हणा. आणि मग पोरांनाही तेच सांगायचं ठरलं. तुम्ही लहान होतात."

"चोवीस वर्षांची होते मी."

"माझ्यासाठी लहानच." आईने डबा बंद केला. "पण त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही मी. दुकानात जात राहिले, हसत राहिले. माझ्या हातून तेवढी एक गोष्ट नीट झाली."

मास्तरकडे वही होती. ती न दाखवताही भागलं असतं. सत्तावीस वर्षं आईने ज्या एका गोष्टीवर स्वतःला टेकवलं होतं, ती काढून घेणं तिच्या जिवावर आलं. पण गोड शब्दाने काय होतं ते ती नुकतंच बघून आली होती. तिने पान उघडून आईच्या मांडीवर ठेवलं.

आई शिंप्याची बायको. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिचं बोट तीनदा 'कच्ची'वरून खाली आलं आणि 'पक्की'वर थांबलं.

"म्हणजे यांना कळलं होतं. हेही मला..."

"हो."

"आठ महिने," आई म्हणाली. "आठ महिने आम्ही दोघं एकमेकांना अल्सर सांगत बसलो." ती रडली नाही. थोडं हसलीसुद्धा, म्हाताऱ्या माणसाला फार पूर्वीचा एखादा डाव उशिरा उमगावा तसं. मग म्हणाली, "धाकट्याला मी सांगते. तू नको सांगूस. खोटं माझं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बुटाची नाडी बांधत असताना आईने सांगितलं. आडवळण न घेता, शब्द न गिळता. तुझ्या बाबांना पोटाचा कॅन्सर होता, काकालाही होता, आजोबांचं नक्की माहीत नाही पण तसंच असणार. धाकटा एक बूट घातलेला, एक हातात, तसाच बसून राहिला. मास्तर त्याच्याकडे बघत होती. तो भिंतीकडे वळतो का, एवढंच बघत होती.

"म्हणजे मी डॉक्टरला खोटं सांगून आलो," तो म्हणाला.

"तू नाही रे. आम्ही."

"वजनाचं मीच सांगितलं." त्याने दुसरा बूट घातला. "दवाखाना किती वाजता उघडतो?"

डॉक्टर वयाने त्या दोघांपेक्षा बरीच लहान होती. मास्तरने तिच्यासमोर वही उघडून ठेवली, एक बोट डाव्या पानावर, एक उजव्या.

"हे वजन आहे?"

"कंबर. इंचात. हे वडील, हा भाऊ. वडील आठ महिन्यांत गेले. काकाही त्यातच गेले. काल त्याने तुम्हाला नाही म्हणून सांगितलं, पण आम्हाला घरात कळलंच काल."

डॉक्टरने आकडे वाचले. तिने गोळ्यांचा कागद बाजूला सारला आणि फोन उचलला. तिसऱ्या दिवशी दुर्बिणीचा नंबर लागला. घशातून एक बारीक नळी, तिच्या टोकाला दिवा आणि डोळा. धाकटा आत जाताना म्हणाला, "लिफ्टच्या डक्टमध्ये कॅमेरा सोडायचं काम माझं. आज मीच डक्ट."

नळीतून तपासायला काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मास्तरने दुकानातल्या सगळ्या अडकून पडलेल्या कपड्यांची कामं संपवली. वर्षभर न नेलेले कपडेही इस्त्री करून ठेवले. कॅन्सर होता. पण लहान होता, पोटाच्या खालच्या तोंडाशी, अजून वरच्याच थरांत. ऑपरेशन करून पोटाचा मोठा भाग काढायचा, आणि बरं व्हायची आशा चांगली, असं डॉक्टर म्हणाली. मास्तरने ते वाक्य तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

मग तिने विचारलं, "हे रक्तातून आलं का?"

"थोडं रक्तातून, थोडं घरातून." डॉक्टर घाईत नव्हती. "प्रत्येकाच्या जनुकांत बारीक फरक असतात. तुमच्या-माझ्या अक्षरात असतो तसा. त्यातल्या काही फरकांमुळे पोटाच्या अस्तराला सूज आली की ती जास्त भडकते आणि लवकर शमत नाही. पण सूज यायला कारण लागतं. पोटात राहणारा एक जंतू आहे, तो यांच्या पोटात सापडलाय. तो कितीतरी लोकांच्या पोटात असतो आणि बहुतेकांना काही करत नाही. पण अशा अस्तरात तो वर्षानुवर्षं राहिला, वर खारट खाणं, वर सिगारेट, तर एकेक धोका दुसऱ्याला बळ देतो."

"म्हणजे दोष बापजाद्यांचा की सिगारेटचा?" धाकट्याने विचारलं.

"सिगारेट तुम्ही सोडू शकता. बापजादे नाही."

"आणि कुणाचा किती वाटा?" मास्तरने विचारलं. मोजता येत नाही अशा गोष्टीवर तिचा विश्वास बसत नाही.

"ते मलाही वेगळं काढता येत नाही. एका घरातली माणसं रक्त वाटून घेतात, तसं ताटही वाटून घेतात. तो जंतूही बहुधा लहानपणी घरातच मिळतो. क्वचित काही घराण्यांत एकच मोठा बिघाड असतो, एका जनुकातला, त्याची रक्ताची तपासणी करू. नाही सापडला तरी छोटे फरक उरतातच."

घरी आल्यावर आईने सगळं पुन्हा सांगायला लावलं. खारट खाण्यापाशी ती थांबली. आईचा मिठाचा हात जड. मिठात मुरवलेल्या भाज्यांच्या बरण्या खिडकीखाली कायम रांगेत. लग्न झाल्यापासून सासरच्या माणसांना तिच्या हातचं तसंच आवडत गेलं, आणि ती तसंच करत गेली. खारवलेले मासे बाबांना रोज लागत.

धाकटा झोपल्यावर तिने स्वयंपाकघरातून हाक मारली.

"खरं सांग. माझ्या मिठाने गेले का ते?"

मास्तर दारात उभी राहिली. 'नाही गं' हे दोन शब्द जिभेवर तयार होते. सांगायला सोपे, ऐकायला गोड.

"एकट्या मिठाने कुणी जात नाही, आई."

"म्हणजे थोडा वाटा आहे."

"असेल थोडा. रक्ताचा आहे, त्या जंतूचा आहे, त्यांच्या विड्या ओढण्याचा आहे. आणि मिठाचं तेव्हा तुला कुणी सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग."

आईने एक बरणी पुढे ओढली. "बरं झालं 'नाही' म्हणाली नाहीस," ती म्हणाली. "तू नाही म्हणाली असतीस तर मला रात्रभर वाटत राहिलं असतं की सगळाच माझा." मास्तर तिच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसली. दोघींनी त्या रात्री बरण्या रिकाम्या केल्या. मध्येच आई म्हणाली, "आता अळणी जेवायचं या वयात," आणि मास्तर म्हणाली, "लिंबू आहे की."

ऑपरेशन झालं. धाकट्याचं पोट हाताच्या मुठीएवढं उरलं. दिवसातून सहा वेळा खायचं, थोडं थोडं, बसून आणि चावून. बसून हे त्याला सगळ्यात जड गेलं. "आता चार माणसांचीच लिफ्ट आहे," तो भेटायला येणाऱ्यांना सांगायचा, "पाचवा चढला की घंटा वाजते." सिगारेट सुटली. पहिले तीन आठवडे तो सगळ्यांवर खेकसत होता, चावीवाल्यावरसुद्धा, आणि चावीवाला ते गुपचूप ऐकून घेत होता.

रक्ताचा रिपोर्ट दोन महिन्यांनी आला. तो मोठा बिघाड सापडला नाही.

"म्हणजे सुटलो," धाकटा म्हणाला.

"एका गोष्टीतून," डॉक्टर म्हणाली. "बाकीचे छोटे फरक अजून कुणालाच पुरते वाचता येत नाहीत. पण ज्या घरात एवढ्यांना झालंय, तिथल्या सख्ख्या माणसांनी तपासून घ्यावं." आणि तिने मास्तरकडे पाहिलं. "तुम्ही?"

मास्तर पिशवीत रिपोर्ट नीट लावत होती. या सगळ्या महिन्यांत तिने भावाची कंबर पाहिली, वडिलांची पाहिली, आईचं मन पाहिलं. त्याच ताटात ती पन्नास वर्षं जेवली होती, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मला काय होतंय," ती म्हणाली.

धाकटा डॉक्टरकडे वळला. "तारीख लिहा हिची. मी घेऊन येतो."

गुरुवारी सकाळी त्याने सुट्टी काढली. आत जाण्याआधी नर्सने मास्तरच्या घशात कडवट फवारा मारला. जीभ जड झाली, ओठ परके झाले. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत प्लास्टिकची कडी दिली. पाच-सात मिनिटंच लागली, पण त्या वेळात तिला डोळ्यांसमोर फक्त भिंत दिसत होती आणि काकांची आठवण येत होती.

बाहेरच्या बाकावर तिला आणून बसवलं. तासभर बोलायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. धाकटा आत जाऊन डॉक्टरशी बोलून आला. हातात कागद. तो तिच्या शेजारी बसला. तिने डोळ्यांनीच विचारलं.

"बोलू नकोस," तो म्हणाला. "ऐक. जखम नाही. गाठ नाही. सूज आहे, माझ्याइतकी नाही. तो जंतू आहे. चौदा दिवस गोळ्या, मग पुन्हा तपासायचं. दोन तुकडे घेतलेत, रिपोर्ट आठवड्याने येईल. डॉक्टर म्हणाल्या, दिसायला काळजीचं काही नाही, पण तुकड्याचं आल्याशिवाय मी पक्कं सांगणार नाही. दर वर्षी दाखवायला यायचं." तो थांबला. "आणि हे तुला जसंच्या तसं सांगतोय. एक शब्द बदललेला नाही."

मास्तरने हात पुढे केला.

"अगं, सांगितलं ना सगळं."

हात तसाच राहिला. त्याने कागद दिला. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला, डॉक्टरच्या सहीसकट, मग पुन्हा एकदा वाचला. घडी करून पिशवीत ठेवला. मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. खांद्याचं हाड अजून टोचत होतं. ती हलली नाही, आणि तोही तास संपेपर्यंत तसाच बसून राहिला.